सोसायटीतल्या पोरांना घेऊन दादागिरीवरची कॉमेडी फिल्म कशी काढायची (मोबाइलवर, मे महिन्यात, डोकं शाबूत ठेवून)

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीतल्या सोसायटीत साधारण चौथ्या दिवशी पोरांची भांडणं सुरू होतात आणि दहाव्या दिवशी ती आयांपर्यंत पोचतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी वैतागून मी म्हणाले, चला रे, पिक्चर काढू. झालं, बोलून बसले. विषय पोरांनीच ठरवला, सातवीतला एक मुलगा, त्याला वर्गातले तिघं छळतात, तो त्यांना धडा शिकवायला जातो आणि दर वेळी स्वतःच तोंडावर पडतो. बारा मिनिटांची फिल्म झाली, सव्वीस दिवस लागले, एक डबा आणि दोन मैत्र्या तुटल्या, त्यातली एक परत जुळली. यंदा तीनचार जणांनी विचारलं कसं केलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी फिल्मवाली नाही, बँकेत आहे, त्यामुळे काय काय चुकतं हे माझ्याइतकं कोणी सांगू शकणार नाही.

आधी दोन संध्याकाळी नुसतं बघा

पहिल्याच दिवशी कॅमेरा बाहेर काढलात तर पोरं रील बनवतात, फिल्म नाही. आम्ही आधी 'डायरी ऑफ अ विम्पी किड' बघितला, २०१० चा, जेफ किनीच्या पुस्तकावरून काढलेला. तिकडे अमेरिकेत मिडल स्कूल म्हणजे वेगळी शाळाच असते, लहान शाळेतून पोरगं एकदम तिथे जाऊन पडतं आणि आजूबाजूला मिशी फुटलेले दादा लोक. आपल्याकडे हे कळायला अवघड नाही, पुण्यातल्या कितीतरी जुन्या शाळांत चौथीपर्यंत प्राथमिक वेगळी आणि पाचवीला हायस्कूलच्या इमारतीत जायचं असतं, चौथीत जो मॉनिटर म्हणून मिरवत होता तो जूनमध्ये अख्ख्या मैदानावर सगळ्यात छोटा होतो. पोरांना हे लगेच पटलं, एकजण म्हणाला काकू मला पहिल्या दिवशी वाटलं होतं मी चुकून कॉलेजात आलोय.

बघताना एकच गोष्ट शोधायला लावा, आपण नक्की कशाला हसतोय. त्या पिक्चरमधला ग्रेग बिचारा नाहीये, हे महत्त्वाचं आहे. तो स्वतःला शाळेतला सगळ्यात हुशार माणूस समजतो, जिवलग मित्राला खालचा समजतो, आणि मग त्याचे प्लॅन फसतात. म्हणून त्याला हसताना आपल्याला वाईट वाटत नाही, आपण त्याच्या शेखीला हसतोय, त्याच्या मार खाण्याला नाही. माझ्या मते अशा फिल्मचं अर्धं काम इथेच होतं. तुमचा हीरो नुसता गरीब गाय असेल आणि तिघं त्याला टपल्या मारतायत, मागे टुंईंग टुंईंग आवाज लावलाय, तर ती कॉमेडी नव्हे, तो दादागिरीचा व्हिडिओ आहे, आणि तसले व्हिडिओ पोरांच्या फोनवर आधीच भरपूर असतात.

दुसऱ्या संध्याकाळी 'दहावी फ' लावला, २००२ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. ती कॉमेडी नाही पण 'फ' तुकडी म्हणजे काय, एकदा शिक्का बसला की पोरं कशी वागायला लागतात हे त्यात आहे, आणि आमचा जो व्हिलन होणार होता त्याला तिथेच पहिल्यांदा वाटलं की आपल्या रोलला पण काहीतरी कारण पाहिजे.

गोष्ट लिहिताना

इथे जास्त वेळ द्या, बाकी सगळं पुढे सावरता येतं.

मी पोरांना म्हटलं शाळेत चिडवायची जेवढी नावं ऐकलीत तेवढी सांगा, मी फळ्यावर लिहिते. दहा मिनिटांत चाळीसच्या वर गेली. बटाटा, चष्मिस, ढब्बू, काडी, टकलू, अमुक सरांचा चमचा, काही आडनावांवरून, काही रंगावरून, दोनतीन अशी की मी लिहिलीच नाहीत. सगळे खिदळत होते. मी मात्र फळ्याकडे पाठ करून बघत होते की कोण गप्प झालंय. एक होता. सहावीतला, नेहमी जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहणारा. तुम्ही हे कराल तेव्हा तुम्हीपण बघा, कोणीतरी असतोच, आणि त्याला तिथल्या तिथे काही विचारू नका. मी नंतर त्याच्या आईशी बोलले, साधं बोलणं, तक्रार नाही. पुढे मागे गोष्टी लिहिता लिहिता पोरांकडून खरंच काही गंभीर बाहेर आलं, मारहाण, पैसे उकळणं, घाणेरडे फोटो असं काही, तर फिल्म बाजूला ठेवायची, आईवडील आणि शाळेशी बोलायचं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा फुकट हेल्पलाइन नंबर आहे तो पोरांना पाठ करून ठेवायला सांगा, त्यांना स्वतःला लावता येतो.

मग मी फळा पुसला आणि नियम केला, आपल्या हीरोचं चिडवायचं नाव यातलं एकही नसणार. नवीन शोधायचं, जे कुणाच्याही अंगाला चिकटत नाही. बऱ्याच घासाघाशीनंतर ठरलं 'शेपू'. कारण हीरोची आई आठवड्यातून दोनदा डब्यात शेपूची भाजी देते आणि डबा उघडला की तीन बाकांपर्यंत वास जातो. शेपू या विषयावर महाराष्ट्रातल्या तमाम पोरांचं एकमत आहे त्यामुळे समजावून सांगायची गरजच पडली नाही. (मला स्वतःला शेपू आवडते, पण माझं कोण ऐकतंय.)

आता गोष्टीचा सांगाडा. हीरोला एक गोष्ट हवी असते, त्यासाठी तो प्लॅन करतो, प्लॅन फसतो, त्यातून आधीपेक्षा मोठी भानगड होते, मग दुसरा प्लॅन. तीन प्लॅन पुरे. आम्ही सात लिहिले होते, चार काढले, रडारड झाली. साधारण हिशोब असा असतो की स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, त्यामुळे दहा पानांच्या वर गेलात की थांबा, पोरांचा उत्साह अकराव्या पानाला पुरत नाही.

विनोद कुठून आणायचा? घरातून. फॅमिली कॉमेडी म्हणतात ना, मग फॅमिली पाहिजे की. आपल्याकडे पोराने घरी येऊन सांगितलं की मला त्रास देतात, तर काय काय ऐकायला मिळतं ते आठवा. बाबा म्हणतात, एक ठेवून द्यायची कानाखाली, आम्ही असतो तर. आई म्हणते लक्ष देऊ नकोस रे, आणि अर्ध्या तासाने वर्गाच्या पालक ग्रुपवर साडेचारशे शब्दांचा मेसेज टाकते. आजी म्हणते दृष्ट लागलीय. शेजारचे काका म्हणतात आमच्या वेळी तर मास्तरच मारायचे. आणि सगळ्यात वरचं म्हणजे, तू पण काहीतरी केलं असशील ना! आमचे तिन्ही प्लॅन यातूनच निघाले, एक बाबांच्या सल्ल्याचा, एक आईच्या मेसेजचा, एक आजीच्या मीठमोहऱ्यांचा. आजीवाला सगळ्यात भारी झाला, हीरो मधल्या सुट्टीत व्हिलनवरून मीठमोहऱ्या ओवाळायला जातो आणि व्हिलन इतका घाबरतो की बाईंना सांगतो हा माझ्यावर करणी करतोय. हे लिहिताना पोरं जमिनीवर लोळत होती, आणि बघा, इथे हसू कोणावर येतंय? दोघांवर सारखंच.

एक सीन मात्र मुद्दाम हसवता हसवता थोडा बोचला पाहिजे. आमचा विष-अमृतचा होता. हा खेळ माहीत असेलच, राज्य असलेल्याने हात लावून 'विष' म्हटलं की जागच्या जागी थिजायचं, दुसऱ्या कोणी येऊन 'अमृत' म्हणेपर्यंत हलायचं नाही. आमच्या हीरोला विष मिळतं आणि अमृत द्यायला कोणी येतच नाही. घंटा होते, सगळे वर्गात जातात, हा एक पाय वर, हात पसरलेले, तसाच उभा. शिपाईकाका त्याच्या भोवतीने झाडून जातात. मुख्याध्यापक जाता जाता त्याच्या हातावर कोट टाकतात. पण हा हलत नाही, नियम म्हणजे नियम! या एका सीनमध्ये पोरगा किती हट्टी आहे, किती एकटा आहे आणि किती मूर्ख आहे हे सगळं न बोलता येतं. तुमच्या सोसायटीत पोरं जे खेळतात त्यातला खेळ घ्या, लगोरी घ्या, डबा ऐसपैस घ्या, कोणाला घेतात आणि कोणाला कच्चा लिंबू करून ठेवतात तिथेच दादागिरीची सगळी शाळा भरलेली असते.

शेवट. यावरून आमच्याकडे दोन दिवस काम बंद होतं. निम्म्या पोरांना व्हिलनला धो धो धुवायचा होता, उरलेल्यांना सॉरी आणि मिठी. मला दोन्ही खोटं वाटलं. माझ्या अनुभवात शाळेतला भाई सॉरी म्हणत नाही, तो फक्त एक दिवस त्रास द्यायला विसरतो. शेवटी असं ठरलं की पुन्हा विष-अमृत चालू आहे, या वेळी व्हिलन थिजलाय आणि अमृत द्यायला फक्त हीरो उरलाय. हीरो येतो, त्याच्यासमोर बसतो, शेपूचा डबा उघडतो, आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत, बोटं चाटूनपुसून खातो. मग झाकण लावतो. मग म्हणतो, अमृत. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, सांगून ठेवते, पाचवीतल्या एका पोरीचं आहे.

कोणाला कुठला रोल

ज्याला खरंच शाळेत त्रास होतो त्याला मार खाणाऱ्याचा रोल देऊ नका, त्याने स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी. आणि जो खरंच दादागिरी करतो त्याला व्हिलन देऊन टाकायची पण घाई नको, त्याला ते बक्षीस वाटतं. आमच्याकडे व्हिलन झाली एक आठवीतली मुलगी, टोपी घालून मुलगा बनली, अशी चालायची की वॉचमनकाका बाजूला व्हायचे. सोसायटीतले खरे दादा दोघं मी शिपाईकाका आणि मुख्याध्यापक केले, त्यांना फार डायलॉग नव्हते आणि सारखं झाडू मारायचं होतं.

कठड्याला टेकणारा जो होता, त्याला मी विचारलं तुला काय करायचंय, तो म्हणाला काही नाही. दोन दिवसांनी हळूच म्हणाला हेडफोन कोण घालणार? तर तो साउंडवाला झाला. आणि मग काय विचारता, साउंडवाल्याने हात वर करून 'शांतता!' म्हटलं की अख्ख्या सोसायटीला गप्प बसावं लागतं हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याने भंगारवाल्याला थांबवलं. बी विंगमधल्या कुकरची शिट्टी थांबवली, म्हणजे वर जाऊन बेल वाजवून सांगितलं की काकू गॅस बंद करा टेक चालू आहे. मी नुसती बघत राहिले.

रोलमधलं चिडवणं कॅमेऱ्याबाहेर न्यायचं नाही हा नियम पहिल्या दिवशीच करा. आमचा हीरो चौथ्या दिवशी खाली सायकल चालवत असताना वरून कोणीतरी ओरडलं, ए शेपू! तो हसला, पण मी त्या दिवशी शूटिंग बंद ठेवलं. तेव्हापासून 'कट' म्हटलं की व्हिलनने हीरोला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून पाणी द्यायचं, प्रत्येक टेकनंतर. पहिल्यांदा पोरांना ते बावळटपणाचं वाटलं, नंतर सवय झाली.

शाळा कुठून आणायची

खऱ्या शाळेत शूट करायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या नावाने लेखी अर्ज, गोष्ट थोडक्यात, किती तास, किती माणसं, सगळं लिहून द्या, आणि सुट्टी लागायच्या आधी द्या कारण मेमध्ये ऑफिसात सही करणारं माणूस भेटत नाही. आम्ही एका शाळेत गेलो होतो, नाव नको, त्यांनी विषय ऐकला आणि म्हणाले आमच्या शाळेत असलं काही होतच नाही. बरं. मग आम्ही क्लबहाउसमध्येच वर्ग केला. अख्खा वर्ग दाखवायची गरज नसते हो, दोन बाक, मागे फळा, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, बास. नकाशा आणि खडू अप्पा बळवंत चौकातून, बाक जुन्या बाजारातून, तो बुधवार आणि रविवारी भरतो, तिथे भाव करायला घरातली सगळ्यात चिवट व्यक्ती पाठवा. युनिफॉर्म म्हणून पांढरा शर्ट आणि खाकी पँट, कुठल्याही खऱ्या शाळेचा बॅज किंवा टाय दिसता कामा नये. ती शाळा तुमच्या मागे लागेल म्हणून नाही, त्या शाळेतल्या पोरांना पुढे वर्षभर चिडवतील म्हणून.

बसचा सीन होता. पीएमटीत (हो, पीएमपीएमएल, पण पीएमटीच म्हणतो आपण) परवानगीशिवाय शूट करायच्या भानगडीत पडू नका, शिवाय गर्दीत पोरं सांभाळणार की फोन. आम्ही पार्किंगमध्ये उभी असलेली स्कूल व्हॅन वापरली. चार जण बाहेरून व्हॅन हलवतायत, एकजण कडुनिंबाची फांदी घेऊन खिडकीजवळून उन्हात पळतोय म्हणजे आत झाडांच्या सावल्या सरकतात, आणि फ्रेम इतकी जवळची की बाहेरचं काही दिसत नाही. पडद्यावर चक्क कर्वे रोडवरून चाललीय असं वाटलं. खड्ड्यांचा इफेक्ट तर जरा जास्तच खरा आला.

पालिकेच्या बागेत कॅमेरा काढलात की वॉचमन येतोच, आधी विचारून घ्या. वेताळ टेकडीवर सकाळी फिरणारे लोक असतात, तिथे दहा पोरांचा आरडाओरडा घेऊन जाऊ नका, आम्ही फक्त दोघं गेलो, एक शॉट घेतला आणि आलो.

फोन, उजेड, आवाज

फोन आडवा. हे दिवसातून वीस वेळा सांगावं लागतं. लेन्स जुन्या सुती बनियनने पुसा, विमान मोड चालू करा, नाहीतर ऐन रडायच्या सीनला लोनवाल्याचा फोन येतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, ते नाही केलं तर मध्येच कोणी पांढरा शर्ट घालून आला की सगळं चित्र अंधारतं. घरात ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शूट करताना पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५, पट्टे जातात. फोर के वगैरे नको, मेमरी दोन दिवसांत भरते.

कॅमेरा पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला. आपण मोठी माणसं उभ्याने शूट करतो आणि सगळी पोरं वरून दिसतात, सीसीटीव्हीसारखी. मी आठवडाभर गुडघ्यांवर होते, नंतर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची अक्कल आली. मोठ्या माणसांचे शॉट मात्र खालूनच घ्या, मुख्याध्यापकांच्या नाकपुड्या दिसल्या पाहिजेत.

दोघांचं बोलणं असेल तर मनात त्यांच्या मधून एक रेघ ओढा आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घ्या. व्हिलन डावीकडून उजवीकडे बघत असेल तर शेवटपर्यंत तिकडेच. आमचा पहिला भांडणाचा सीन बघितला तर दोघं एकाच दिशेला बघून भांडत होते, जणू तिसऱ्याच कोणावर दोघं मिळून चिडलेत. परत केला.

आणि कॉमेडीतला सगळ्यात मोठा धडा जो मला उशिरा कळला, हसू वाक्यावर येत नाही, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं. म्हणून प्रत्येक सीन आधी एकदा लांबून पूर्ण घ्या, मग एकेकाचा जवळून, आणि मग काही न बोलता नुसतं ऐकतायत बघतायत असे चेहरे वेगळे घ्या. वाक्य संपल्यावर मनात तीन आकडे मोजा आणि मगच कट म्हणा, त्या तीन आकड्यांत सोनं असतं. कुठला चेहरा कधी हे आधी कागदावर काढायला लावा, 'चिंटू' आठवतो ना सकाळमधला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, चारदोन चौकोनांत काम तमाम आणि शेवटच्या चौकोनात बऱ्याचदा नुसता चेहराच. तसे चौकोन. काड्यांची माणसं चालतात.

उन्हाचं असं आहे की पुण्यात मेमध्ये साडेनऊनंतर सगळ्यांचे डोळे काळे खड्डे दिसतात. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात पार्किंगच्या सावलीत, आणि चेहऱ्यावर उजेड पाडायला पांढरा चार्ट पेपर पुठ्ठ्यावर चिकटवून धरायचा. तसंही पोरं दोन तासांच्या वर टिकत नाहीत. व्यावसायिक शूटिंगमध्येसुद्धा बालकलाकारांकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, तसा नियमच आहे, तर आपण कोण.

आवाज हा चित्रापेक्षा महत्त्वाचा. चित्र हललं तर लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही तर शेजारच्याला विचारायला लागतात काय म्हणाला, आणि संपलं. पंखा बंद, फ्रिज बंद (परत चालू करायचं लक्षात ठेवा, आमचं आइस्क्रीम गेलं). दुसरा एक फोन रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवा, सुरुवातीला दोन्ही फोनना ऐकू जाईल अशी मोठी टाळी वाजवा, एडिट करताना त्या टाळीवर दोन्ही जुळवता येतं. छोटा कॉलर माइक हवाच असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळेल, घरचा फोन नेऊन तिथेच लावून बघा. प्रत्येक जागेची अर्धा मिनिट नुसती शांतता पण रेकॉर्ड करा, जोड लपवायला लागते. आमच्या शांततेत कोकीळ आहे, त्यामुळे ती एकदा वर्गातही ओरडते, असू दे.

मारामारी खोटीच. ढकलायचा शॉट मागून घ्या, हात लागतच नाही, पडणारा स्वतःच गादीवर पडतो, आवाज नंतर उशीवर बुक्की मारून. जिन्यावर, गच्चीच्या कठड्याजवळ, पाण्याच्या टाकीजवळ एकही सीन नाही, कितीही भारी दिसत असला तरी.

जोडणं आणि दाखवणं

एडिटिंगला फोनवर व्हीएन हे ॲप किंवा आयफोन असेल तर आयमूव्ही, कॉम्प्युटर बरा असेल तर डाविंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन पुरून उरतं. कापा, अजून कापा. आमचं पहिलं जोडलेलं एकवीस मिनिटांचं होतं, पोरांनाच कंटाळा आला.

सिनेमातलं गाणं टाकू नका, यूट्यूबवर चढवलं की कॉपीराइटचा क्लेम येतो. यूट्यूबचीच फुकट ऑडिओ लायब्ररी आहे, पण मी म्हणेन घरात पेटी असेल तर ती काढा, आमच्या ए विंगमधल्या आजोबांनी हीरोच्या प्रत्येक फसलेल्या प्लॅनला पेटीवर एकच रडका सूर धरला आणि तो सूर नुसता सुरू झाला तरी लोक हसायला लागले.

चढवायचं असेल तर आधी प्रत्येक आईवडिलांकडून लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल पण स्पष्ट हो पाहिजे, नुसता अंगठा नको. लिंक अनलिस्टेड ठेवा, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल, आणि मुलांसाठीचा व्हिडिओ अशी सेटिंग केली की कमेंट बंदच होतात, ते बरंच आहे. एका पालकांनी नको म्हटलं म्हणून आम्ही चढवलीच नाही शेवटी.

शो सोसायटीच्या गणपतीत ठेवा. मे ते गणपती मध्ये तीन महिने मिळतात, एडिट करणाऱ्या कॉलेजच्या दादाच्या परीक्षा, पावसाळा, सगळं धरून. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, केबल त्याच्यासोबत येईलच असं समजू नका, आदल्या दिवशी लावून बघा. चादर इस्त्री करून ताणून बांधा. आरतीनंतर लगेच लावा, प्रसाद वाटायच्या आधी, एकदा द्रोण हातात आले की प्रेक्षक गेले. श्रेयनामावली वर्णमालेच्या क्रमाने द्या, नाहीतर पहिलं नाव कोणाचं यावरून परत मे महिना सुरू होतो. आणि सगळं मूळ फुटेज दोन पेनड्राइव्हवर दोन वेगळ्या घरांत ठेवा, आमचं एका फोनमधलं अर्धं दिवाळीत फोन बदलताना गेलं, नेमका तो कोटवाला शॉट, आता फक्त फिल्ममध्ये आहे तेवढाच उरलाय.